तारली खरोखर उत्तरेला सरकली, की आपली जाळी बदलली?

किनारवाट

नमस्कार. माझे आजोळ रत्नागिरी तालुक्यातील एका खाडीच्या तोंडाशी आहे आणि आजोबा रापणीचे (किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या जाळ्याचे) वाटेकरी होते. आजीच्या बोलण्यात बांगडा रोजचा असे. तारली मात्र लहर लागेल तेव्हा येणारी. एखाद्या वर्षी ती इतकी यायची, की खाऊन आणि वाटून उरलेली नारळाच्या आळ्यांत पुरावी लागे, आणि मग पुढची तीन-चार वर्षे तिचे नावही निघत नसे. आता रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर जातो तेव्हा हंगामात पर्ससीन जाळ्यांच्या नौकांमधून तारलीच्या राशी उतरताना दिसतात. दुसरीकडे कोचीचा माझा एक सहकारी सांगतो, की त्याच्या घरी रोज शिजणारी मत्ती, म्हणजे हीच आपली तारली, २०२१ च्या सुमारास बाजारात मिळेनाशी झाली होती.

या दोन गोष्टी शेजारी ठेवून ‘समुद्र तापला, म्हणून केरळची तारली महाराष्ट्रात आली’ असे विधान मी अलीकडे अनेक ठिकाणी वाचले. विधान पटण्याजोगे आहे, पण ते इतक्या चटकन पटते म्हणूनच मला शंका येते. आजोबांच्या काळी पर्ससीन नव्हते, नौकेला मोठे इंजिन नव्हते आणि मासा कुठे आहे हे दाखवणारे यंत्र तर नव्हतेच. तेव्हा मासा खरोखर नव्हता, की असूनही आपल्या हाती लागत नव्हता, हे आज कोणी कसे ठरवू शकते? जाणकारांनी आकडे आणि त्यांची मर्यादा असे दोन्ही सांगितले तर उपकार होतील.

सागरमिती

निवृत्तीपूर्वी बरीच वर्षे मी बंदरांवर मासळी मोजण्याच्या कामात होतो, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

प्रथम आकड्याविषयी. ‘मासळीचे उत्पादन’ म्हणून वर्तमानपत्रांत जो आकडा छापून येतो, तो बंदरांवर किती मासळी उतरली याचा असतो. समुद्रात किती आहे याचा नव्हे. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेची माणसे काही बंदरे, महिन्यातील काही दिवस आणि त्या दिवशी परतलेल्या काही नौका ठरलेल्या पद्धतीने निवडतात, त्या नौकांची मासळी प्रजातीनुसार नोंदवतात आणि त्यावरून महिन्याचा, मग राज्याचा अंदाज बांधतात. पद्धत भक्कम आहे आणि ती अनेक दशके सातत्याने चालू आहे, ही आपल्याकडची दुर्मिळ म्हणावी अशी गोष्ट आहे. परंतु दूरवर जाऊन मासळी पकडणारी नौका ज्या राज्याच्या बंदरात ती उतरवते, त्या राज्याच्या खात्यावर ती मांडली जाते. मासा नेमका कोणत्या पाण्यात सापडला, हे त्या आकड्यात उरत नाही.

आता तारलीकडे येतो. हा मासा मुळात मलबारचा. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्यालगत खोलातील थंड, पोषक पाणी वर येते, त्यावर सूक्ष्म वनस्पतींचे पीक उभे राहते आणि तारली त्यावर पोसते. मत्स्यसंशोधक ई. विवेकानंदन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घ काळाच्या नोंदी तपासून असे मांडले, की १९८५ पर्यंत जवळजवळ सगळी तारली याच पट्ट्यातून येत असे आणि १४ अंश अक्षांशाच्या उत्तरेला तिची नोंद नगण्य होती. २००६ मध्ये मात्र देशातील तारलीपैकी सुमारे १५ टक्के १४ ते २० अंशांच्या पट्ट्यातून आली. रत्नागिरी १७ अंशांवर, म्हणजे या पट्ट्याच्या मध्यावर आहे. पूर्व किनाऱ्यावरही, विशेषतः तमिळनाडूत, १९८९ नंतर तारली लक्षणीय प्रमाणात मिळू लागली. तिला साधारण २७ ते २९ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी मानवते आणि उत्तरेकडील पाणी तापत जाऊन या मर्यादेत आले, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे.

आपली शंका येथे रास्त ठरते. कर्नाटक आणि गोव्यात पर्ससीन आले ते १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात. कोकणात त्यांचा जोर त्यानंतर वाढला. पर्ससीन म्हणजे पृष्ठभागाजवळच्या थव्याला वेढा घालून तळाशी आवळले जाणारे जाळे, आणि तारली थव्यानेच वावरते. ज्या काळात पाणी तापले त्याच काळात तारलीसाठीच जणू बेतलेले जाळेही उत्तरेला सरकले. केवळ उतरलेल्या मासळीचे वजन पाहून यातील कोणत्या कारणाचा वाटा किती, हे वेगळे काढता येत नाही.

म्हणून मला तारलीपेक्षा बांगड्याचा पुरावा अधिक बोलका वाटतो. बांगडा हा वरच्या पाण्यातला मासा. १९८५ ते १९८९ या काळात एकूण बांगड्यापैकी समुद्राच्या तळाशी ओढल्या जाणाऱ्या ट्रॉल जाळ्यांत सापडणारा सुमारे २ टक्केच होता. २००३ ते २००७ मध्ये तो वाटा सुमारे १५ टक्के झाला. वरचे पाणी तापल्यामुळे बांगडा खाली उतरू लागला, असा निष्कर्ष याच अभ्यासकांनी काढला आणि ट्रॉल जाळ्याचे तोंड, दोरखंड व आसाची (जाळ्याच्या छिद्रांची) मापे त्या काळात बदललेली नाहीत, हे कारण देऊन जाळ्यामुळे हा फरक पडल्याची शक्यता बाजूला ठेवली. जाळे तेच राहिले, तर पकडीतला बदल माशाकडे बोट दाखवतो. माझा किंचित मतभेद एवढाच, की जाळे तेच असले तरी ते ओढणारे इंजिन आणि एका फेरीतील मुक्कामाचे दिवस तेच राहिलेले नाहीत.

याहून स्वच्छ पुरावा राणी माशाचा आहे, कारण त्यात वजनाचा प्रश्नच येत नाही. चेन्नईजवळच्या समुद्रातील राणी माशांच्या दोन प्रजातींत गाभोळी (पोटातील अंडी) धरलेल्या माद्या कोणत्या महिन्यांत सापडतात याच्या नोंदी तपासल्या, तेव्हा १९८० नंतरच्या अडीच दशकांत त्यांचे प्रमाण एप्रिल ते सप्टेंबर या उष्ण महिन्यांतून घटत ऑक्टोबर ते मार्च या थंड महिन्यांकडे गेल्याचे दिसले. पोटात गाभोळी आहे की नाही, हे कोणत्याही जाळ्यावर अवलंबून नसते.

राहिली केरळची मत्ती. २०१२ मध्ये केरळात जवळजवळ ४ लाख टन तारली उतरली; २०२१ मध्ये ३,२९७ टन. एवढा मासा उत्तरेला आला असता तर कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र मिळून लाखो टनांची भर पडायला हवी होती. तशी भर कोठेही पडली नाही. देशाची एकूण तारलीही त्या काळात घसरलेलीच होती. शिवाय २०२२ पासून केरळचा आकडा पुन्हा लाख टनांच्या घरात आला. तारलीचे आयुष्य अडीच वर्षांच्या आसपास असते, त्यामुळे एक-दोन हंगामांत पिल्ले जगली नाहीत की साठा कोसळतो आणि अनुकूल पावसाळा आला की तितक्याच वेगाने वर येतो. माझ्या मते, तारलीचा वावर उत्तरेपर्यंत पसरला हे खरे आहे आणि केरळात तिचा साठा कोसळला हेही खरे आहे, मात्र दुसऱ्या घटनेतून पहिली घडली असे म्हणण्यास आधार नाही.

डोलवाला

सागरमिती यांचे म्हणणे वाचले. मी वसईच्या बाजूचा. आमच्याकडे तारलीला कोणी फारसे विचारत नाही. आमचा संसार बोंबलावर आणि जवळ्यावर चालतो. तरी या चर्चेत डोलीविषयी कोणी बोलले नाही म्हणून लिहितो.

डोल हे थव्याच्या मागे धावणारे जाळे नाही. ते ठरलेल्या कवीवर (मासेमारीच्या जागेवर) खुंटाला बांधलेले असते, त्याचे तोंड भरती-ओहोटीच्या प्रवाहाकडे असते आणि पाणी जे आणील ते आत शिरते. म्हणूनच ही मासेमारी खंबातच्या आखातापासून खाली कोकणाच्या उत्तर भागापर्यंत चांगली चालते. मुंबईला उधाणाच्या भरती-ओहोटीत पाणी जवळजवळ पाच मीटर चढ-उतार करते, गोव्याला त्याच्या निम्मेही नाही. बोंबीलही असाच अर्धवट पसरलेला आहे. सौराष्ट्रापासून साधारण रत्नागिरीपर्यंत तो भरपूर, पुढे कर्नाटक-केरळात जवळजवळ नाही, आणि पुन्हा एकदम पूर्व किनाऱ्यावर, आंध्र ते बंगालमध्ये. पाणी थोडे तापले की सगळेच मासे उत्तरेला चालू लागतील, असे मानणाऱ्यांनी या बोंबलाकडे पाहावे. त्याला खाड्यांचा गाळ, वाहते पाणी आणि जवळा लागतो. उत्तरेला त्याच्यापुढे गुजरातची जमीन आहे, मग तो जाणार कुठे?

कव एकाच जागी असल्यामुळे आमच्या वडिलांच्या पिढीला एका ओहोटीला किती टोपल्या येतात यावरून समुद्राची स्थिती कळत असे. आज तसे सांगता येत नाही, याचा दोष थोडा आमचाही आहे. जवळच्या कवींवर मासळी कमी झाली म्हणून आम्ही दूर आणि अधिक वाव (म्हणजे अधिक खोल) पाण्यात गेलो, डोलींची संख्या वाढवली आणि खोळीकडचा (जाळ्याच्या टोकाच्या पिशवीकडचा) आस बारीक केला. त्यात पापलेटची बोटभर पिल्ले येतात. ज्या पापलेटला राज्य शासनाने २०२३ मध्ये राज्यमासा म्हणून घोषित केले, त्याचीच पिल्ले आमच्या खोळीत मरतात, हे कबूल करायला हवे.

हवामानाचा फटका आम्हाला समुद्राइतकाच वलांडीवरही (मासळी वाळवण्याच्या मांडवावरही) बसतो. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळाचा पाऊस आला तेव्हा वाळत घातलेला बोंबील अख्खा काळा पडला. त्या वर्षी सुका बोंबील बाजारात कमी दिसला असेल, तर त्याचा अर्थ समुद्रात बोंबील कमी होता असा कोणी काढू नये.

मालवणचो रापणकार

१४ अंशांच्या उत्तरेला तारली ‘नगण्य’ होती, हे वाक्य मला खटकले. मालवण-देवबागच्या किनाऱ्यावर आमच्या आजोबांच्या रापणीत तारली आणि पेडवे येत असत, आणि ते वर्षाआड का होईना पण भरपूर येत. ती मासळी किनाऱ्यावरच वाटली जाई, उरलेली बैलगाडीने माडांच्या बागांत खतासाठी जाई. त्या काळी अशा लहान किनाऱ्यांवर वही घेऊन उभा राहिलेला माणूस आम्ही पाहिलेला नाही.

दुसरी गोष्ट केंडांची. गेल्या दीड-दोन दशकांत आमच्या गिलनेटमध्ये (कल्ले अडकवून मासा धरणाऱ्या जाळ्यात) केंड हा अंग फुगवणारा मासा इतका वाढला आहे, की तो अडकलेली मासळी कुरतडतो आणि जाळेही फाडतो. हाही तापमानाचा परिणाम असे सांगितले जाते. खरे काय?

सागरमिती

रापणकार यांचा आक्षेप मान्य आहे. नमुना-पद्धतीत मोठी बंदरे अधिक नीट पकडली जातात, तर विखुरलेल्या किनाऱ्यांवर अधूनमधून येणारी आणि जागच्या जागी संपणारी मासळी निसटण्याची शक्यता अधिक असते. किनारवाट यांच्या आजीची आठवण आणि आपल्या आजोबांची रापण एकच गोष्ट सांगतात. तारली येथे अनोळखी नव्हती, फक्त तिचे येणे भरवशाचे नव्हते. तेव्हा ‘नवा मासा आला’ यापेक्षा ‘कधीमधी येणारा मासा वरचेवर येऊ लागला’ असे म्हणणे अधिक बरोबर होईल, आणि माझ्या पहिल्या उत्तरात मी ही दुरुस्ती करतो.

केंडांच्या बाबतीत मी तापमानाला शेवटी धरीन. केंड खाणारे मोठे मासे थोडे आहेत आणि मोडसा त्यांतील महत्त्वाचा. नैऋत्य किनाऱ्यावर केंडांचे लोंढे वाढले तेव्हा संशोधकांनी त्याचा संबंध मोडशाच्या घटीशी जोडला होता. वरचा शिकारी आपण काढून घेतला की खालचा कोणी माजतो. हेही साठ्यातील बदलाचेच उदाहरण आहे.

जुनी वही

तारलीच्या दुष्काळाची चर्चा होते तेव्हा सगळे २०१२ पासून सुरुवात करतात, म्हणून थोडी जुनी माहिती देतो. मद्रास इलाख्यात जेम्स हॉर्नेल आणि नायुडू या मत्स्यसंशोधकांनी तारलीच्या जीवनक्रमाचा अभ्यास १९२० च्या दशकात केला, कारण तेव्हाही मलबारात तिच्या तेलाचा आणि खताचा मोठा व्यापार होता आणि ती मधूनच गायब झाली की व्यापारी व सरकार दोघेही हवालदिल होत. १९४० च्या दशकात तारली इतकी घटली, की १९४३ मध्ये पिल्ले आणि गाभोळीची मासळी वाचवण्यासाठी विशिष्ट जाळ्यांवर बंदी घालावी लागली. त्या वेळी ना पर्ससीन होते, ना यांत्रिक नौका. त्यामुळे प्रत्येक घट पर्ससीनवाल्यांच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते, जरी त्यांनी किनाऱ्याजवळच्या पारंपरिक मच्छीमारांचे केलेले नुकसान मला नाकारायचे नाही.

त्याच वेळी समुद्र पूर्वीसारखा राहिलेला नाही, हेही नोंदवतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की पश्चिम हिंदी महासागराचे उन्हाळ्यातील पृष्ठतापमान १९०१ ते २०१२ या काळात सुमारे १.२ अंशांनी वाढले. वरचे पाणी तापून हलके झाले की खालचे पोषक पाणी त्यात सहज मिसळत नाही. तेथील सूक्ष्म वनस्पती सहा दशकांत २० टक्क्यांपर्यंत घटल्याचा त्यांचा २०१६ चा निष्कर्ष याच कारणाशी जोडलेला आहे. तारली थेट या वनस्पतींवर पोसते, त्यामुळे तापमान सोसण्याची तिची क्षमता जितकी महत्त्वाची, तितकेच तिचे ताटही महत्त्वाचे.

आणखी एक फसवी गोष्ट. पावसाळा संपता संपता, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, आपल्या किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात तळाचे पाणी प्राणवायूविना गुदमरते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने यावर दीर्घकाळ काम केले आहे. अशा वेळी मासे वरच्या, किनाऱ्याजवळच्या पातळ थरात दाटीने गोळा होतात आणि जाळी भरून येतात. बंदरावरचा माणूस म्हणतो, यंदा मासळी फार आहे. प्रत्यक्षात तिची जागा आक्रसलेली असते.

किनारवाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मी विचारलेल्या एका प्रश्नाचे आपण तीन प्रश्न केलेत, पण ते मला हवेच होते.

एक गोष्ट अजून विचारतो. मामेभाऊ मिरकरवाड्याला नौकेवर तांडेल (नौकेचा प्रमुख) आहे आणि १ ऑगस्टला बंदी उठली की तो पुन्हा समुद्रात जाईल. त्याच्याकडून एखादी साधी नोंद ठेवून घ्यायची झाली, तर कोणती नोंद पुढे कोणाच्या तरी उपयोगी पडेल? महाराष्ट्र शासनाने ५४ प्रजातींसाठी पकडण्याजोगे किमान आकारमान ठरवून दिल्याचे त्याला माहीत आहे, तेव्हा पट्टीने मासा मोजण्याची त्याला सवय आहे.

सागरमिती

किती क्रेट भरले हे लिहू नका असे नाही, पण त्यासोबत त्या दिवशी किती वेळा जाळे टाकले, किती तास शोधात गेले आणि रिकामे परतलेले दिवस कोणते, हे लिहायला सांगा. रिकामे दिवस सगळेच विसरतात, आणि प्रत्येक फेरीमागे किती मासळी मिळाली हे त्यांच्याविना काढताच येत नाही. जाळे कुठे टाकले त्याचे अक्षांश-रेखांश यंत्रावर असतातच. तेवढे उतरवून घेतले तर ‘मासा कोणत्या पाण्यातला’ हा सुरुवातीचा प्रश्नही सुटतो. किती वाव पाण्यात, हे सोबत हवे.

मग प्रत्येक फेरीतील तारलीच्या ढिगातून न निवडता पंचवीस मासे उचलावेत आणि तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंतची एकूण लांबी मिलिमीटरमध्ये मांडावी. तारली साधारण १५ सेंटिमीटरच्या आसपास प्रौढ होते. केरळने पकडीसाठी ठेवलेली १० सेंटिमीटरची मर्यादा मला म्हणूनच तोकडी वाटते. ऑगस्टमध्ये, म्हणजे तिचा अंडी घालण्याचा हंगाम पुरता सरलेला नसताना, त्या पंचवीस माशांचे पोट फाडून किती माद्यांत पूर्ण भरलेली गाभोळी आहे तेही लिहावे, आणि पुढे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बोटाएवढी पिल्ले किनाऱ्याजवळ दिसतात का यावर लक्ष ठेवावे. दोन्ही गोष्टी रत्नागिरीसमोर वर्षानुवर्षे दिसत राहिल्या, तर तारली येथे केवळ चरायला येत नसून येथेच वाढते असे म्हणण्याला पहिला ठोस आधार मिळेल. नुसतेच मोठे, गाभोळी नसलेले मासे येत राहिले, तर ती दक्षिणेकडूनच येऊन जाते असे धरावे लागेल.

पावसाळ्यात वही ओली होते, म्हणून शिसपेन्सिलच वापरायला सांगा.

डोलवाला

पंचवीस मासे ‘न निवडता’ उचलणे तांडेलाला सर्वात कठीण जाईल, हात आपोआप मोठ्याकडे जातो. त्यापेक्षा टोपलीत फावड्याने एकदा जेवढे येतील तेवढे घ्यावेत आणि त्यातले सगळे मोजावेत.